चाल साडूची, गळा बायकोचा

दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत जरा डोळे मिटावेत, एवढंच सरांनी ठरवलं होतं. मिटावेत, झोपू नये. पण प्रशिक्षणाचा हॉल गार होता, खुर्ची मऊ होती, आणि व्याख्याते इतक्या संथ आवाजात बोलत होते की जागं राहणं हाच उद्धटपणा वाटावा. शाळेने सरांना कॉपीराइटच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. दुसऱ्याचं गाणं, चित्र, फिल्म शिकवताना आणि मुलांच्या प्रकल्पांत कशी वापरावी, असा विषय. सकाळच्या सत्रात काय केलं की माणूस अडकतो ते सांगितलं. दुपारच्या सत्रात शिक्षकांना कुठल्या सवलती आहेत, काय खुशाल चालतं, ते सांगितलं. सर शेवटच्या टाळ्यांनी जागे झाले.

म्हणजे सर शाळेत परतले ते निव्वळ भीती घेऊन. (अर्धवट ज्ञान धोक्याचं म्हणतात. सरांच्या वाट्याला नेमका धोक्याचाच अर्धा आला होता.) त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "आता कॉपीराइटचं सगळं सर बघतील." आणि सर बघू लागले.

सर माध्यमांचा विषय शिकवायचे. बातमी कशी लिहितात, जाहिरात कशी करतात, फिल्म कशी बनते. पूर्वी ते वर्गात एखाद्या फिल्मचा छोटासा तुकडा लावून दाखवायचे. तो बंद झाला. त्याऐवजी सर स्वतःच करून दाखवू लागले. घोडा धावत येतोय आणि कॅमेरा त्याच्या शेजारून धावतोय हे दाखवण्यासाठी ते खुर्चीवर उलटे बसून टप टप टप करत वर्गभर सरकायचे. पुढच्या बाकावरची मुलं पाय वर घ्यायची. जिन्यातली चित्रं त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगली. संगीताच्या बाई मुलांना गाणं शिकवत होत्या, त्यांच्या दारात उभं राहून दरडावून विचारलं, "परवानगी आहे का?" बाईंना वाटलं, आत यायची विचारतायत. त्या म्हणाल्या, "या ना." सरांना रागावताच येईना. पोरांनी मात्र त्यांचं बारसं उरकलं. ते परवानगीसर झाले.

त्याच सुमारास नववीची फिल्म पुरी होत आली होती. बसस्टॉपवर कुणाची तरी छत्री विसरते. येणारा जाणारा ती उचलतो, बघतो, पुन्हा ठेवतो, आणि शेवटी तिचा मालक शोधत येतो. बस, एवढीच गोष्ट. पण पोरांनी तिच्यासाठी सुट्ट्या घालवल्या होत्या, उन्हातान्हात स्टॉपवर उभी राहिली होती. एडिटिंग करणारी मुलगी तर इतकी निर्दय होती की तिला सगळे, सरसुद्धा, कात्री म्हणायचे. फिल्मची निवड सगळ्या शाळांच्या महोत्सवासाठी झाली तेव्हा हीच कात्री बाकावर डोकं ठेवून रडली होती.

महोत्सवाचा नियम मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना समोर बसवून सांगितला. "दुसऱ्याचं काही न विचारता वापरलं आणि तक्रार आली, तर फिल्म बाद. शाळेलाही पुढे बंदी. मुलांचं एवढं कष्टाचं काम आहे, सर. जबाबदारी तुमची."

तेव्हापासून सर कात्रीच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसू लागले.

"सर, शेवटाला काहीतरी संगीत पाहिजे," कात्री म्हणाली. "हे गाणं घेऊ?"

"कुणाचं आहे?"

"मग नुसतं बासरीचं?"

"वाजवली कुणी?"

"पक्षी तरी चालतील का, सर?"

"पक्षी चालतील," सर विचार करून म्हणाले, "पण पक्ष्यांचं रेकॉर्डिंग कुणी केलंय?"

कात्रीने त्यांच्याकडे असं बघितलं की सर खिडकीबाहेर बघू लागले.

त्या संध्याकाळी सर घरी आले तेव्हा बायको इस्त्री करत होती. इस्त्री करताना ती नेहमी गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसती चाल. वर जायची, जराशी थांबायची, आणि जिना उतरावा तशी हळूहळू खाली यायची. लग्न झाल्यापासून सर ती चाल ऐकत होते आणि लग्न झाल्यापासून त्यांनी ती ऐकली नव्हती. आज ते दारातच थबकले. छत्रीचा मालक परत येतो तिथे हेच पाहिजे.

"ही चाल कुणाची गं?"

"कुणाची म्हणजे? आमच्या घरात सगळ्यांनाच येते."

"जुनी आहे?"

"तर! मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. तो शर्ट द्या इकडे, अंगावर चुरगळवू नका."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी, सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही! आता कुणीही असतं तर म्हणालं असतं, 'अगं, जरा गातेस का, मुलांच्या फिल्मसाठी हवंय.' पण सरांना वाटलं, सांगितलं तर ती लाजेल, सूर बदलेल, चार प्रश्न विचारेल. जगाला उठता बसता परवानगी विचारणाऱ्या माणसाने आपला फोन रेकॉर्डिंग चालू करून इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगात दोन उशांच्या अभ्र्यांमध्ये सरकवला आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

"सर, छान आहे हो!" दुसऱ्या दिवशी कात्री कानावरचे हेडफोन काढत म्हणाली. "फक्त शेवटी काकू कुणाच्या तरी कॉलरला शिव्या देतायत."

"ते काप," सर म्हणाले.

फिल्म शाळेच्या पानावर चढली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ती स्वतःच सासुरवाडीच्या ग्रुपवर पाठवली. ही दुसरी डुलकी, फक्त उघड्या डोळ्यांनी घेतलेली.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये त्यांचा फोन वाजला. साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. व्यवसायाने वकील, आणि स्वभावाने त्याहून जास्त. लाँड्रीत शर्टाचं एक बटण हरवलं तेव्हा हा माणूस बटणासाठी नव्हे, तत्त्वासाठी लढला होता. तो लाँड्रीवाला अजूनही त्याला लांबून बघून दुकानातल्या शर्टांची बटणं चाचपतो. सर त्याच्यापुढे जेवताना पापडसुद्धा मोडत नसत, आवाज होतो म्हणून.

"फिल्म बघितली," साडू म्हणाला.

"हो का? कशी वाटली, वकीलसाहेब?"

"मागे ती चाल आहे ना, ती माझी आहे."

"तुमची म्हणजे… तुमच्या आवडीची?"

"माझी म्हणजे माझी. मी बांधलेली. उद्या सभागृहात येतोय मी. समोरासमोरच बोलू. आता ठेवतो, कोर्टात पुकारा झालाय." आणि फोन बंद.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चहा तसाच ठेवला.  तक्रार म्हणजे फिल्म बाद. फिल्म बाद म्हणजे कात्रीचं तोंड बघायचं. बंदी म्हणजे बाईंचं तोंड बघायचं. आणि हे सगळं कोर्टात गेलं तर? सरांना पेपरात स्वतःचा फोटो दिसला, खाली मजकूर दिसला, 'कॉपीराइट शिकवणारा शिक्षक अटकेत.' फोटो कुणी काढला असेल आणि त्याची परवानगी घेतली असेल का, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. सवय.

घरी आले तर बायको इस्त्री करत होती. स्वतःचे ठेवणीतले कपडे. आणि तीच चाल, आज जरा मोकळ्या गळ्याने. सरांनी आधी खिडकी लावून घेतली.

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?" तिने हसून विचारलं.

"मला? छे! कशाबद्दल?"

"बघा हं. आठवून बघा."

"नाही, काहीच नाही." खाई त्याला खवखवे, तसे सर खुर्चीच्या कडेवर बसले. "मी काय म्हणतो, तुझे भाऊजी पूर्वी चालीबिली बांधायचे का गं?"

"एकच बांधली. ताईशी लग्न ठरलं तेव्हा. हीच की, मी म्हणते ती."

"तू तर म्हणालीस सगळ्यांची आहे!"

"सगळ्यांना येते म्हटलं. तुम्ही 'जुनी का' विचारलंत, मी 'जुनी' म्हटलं. ताईच्या लग्नाला काय थोडी वर्षं झाली? एवढं काय झालं पण?"

"काही नाही," सर म्हणाले. ती वाट बघत थोडा वेळ इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली.  तिचं हसू हळूहळू मावळलं आणि ती पुन्हा घड्या घालू लागली. सरांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते मनातल्या मनात वकील शोधत होते, आणि ओळखीचा वकील एकच होता.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी ते धावतपळत शाळेत गेले.

"ती चाल काढ."

कात्रीला वाटलं थट्टा आहे. "सर, ती काढली तर फिल्म मेली."

"आणि ठेवली तर मी. काढ म्हणतो ना!"

"मग तिथे काय घालू? नुसतं गप्प ठेवलं तर लोकांना वाटेल स्पीकर गेला."

सरांनी विचार केला. ज्यावर कुणीही, कधीही, कुठल्याही कोर्टात हक्क सांगणार नाही असा एकच गळा या जगात होता. ते खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले, चटयांच्या ढिगामागे बसले, दार लावलं आणि गुणगुणू लागले.

गुणगुणणं सोपं वाटतं. पण सरांची अडचण अशी, की जरा कुठे सूर लागून चाल होऊ लागली की त्यांना वाटायचं, ही कुणाची तरी असणार! लगेच ते घाबरून बाजूला व्हायचे. चार सूर पुढे, की पुन्हा शंका, पुन्हा उडी. त्यात मनाला ओढ साडूच्याच चालीची, म्हणून दर थोड्या वेळाने ते स्वतःला खेचून मागे आणायचे, तेव्हा घशातून घर्र असा आवाज निघायचा. जे तयार झालं त्यात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं, हे मात्र सरांच्या बाजूने सांगायला हवं. कात्रीने ते ऐकलं, सरांकडे बघितलं, आणि फिल्मला जोडलं. मग हेडफोन टेबलावर टाकून ती बाहेर निघून गेली. सरांना तेव्हा पहिल्यांदा नुसती भीती नाही, लाजही वाटली.

संध्याकाळी सभागृह भरलं. सर मागच्या दारापाशी बसले होते, पळायला सोपं म्हणून. पण बायकोने हात धरून त्यांना पुढे नेलं. आणि पुढे बघतात तो काय! एका रांगेत सगळी सासुरवाडी. शेजारच्या दोघी. इस्त्रीवरून तिला रोज चिडवणारी वरच्या मजल्यावरची. सगळ्या नटूनथटून.

"या… या कशा आल्या?"

"मी बोलावल्या," बायको पुटपुटली, आणि तिचे कान लाल झाले. "तुम्ही ग्रुपवर फिल्म टाकलीत तेव्हाच ताईने फोन करून सांगितलं होतं, तुझा आवाज ओळखला म्हणून. कॉलेजात एकदा स्टेजवर उभी राहिले होते, तेव्हा माइकच बंद पडला. त्यानंतर आज. मी म्हटलं तुम्ही आपणहून सांगाल. नाही सांगितलंत ते नाही, पण फिल्ममध्ये ठेवलंत ना? बास."

सरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ते काही बोलणार इतक्यात साडू आला. काळा कोट, हातात भली मोठी पिशवी. तो सरांच्या मागच्याच खुर्चीवर बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं की बोलू." तो हात सरांना शेवटपर्यंत तिथेच आहे असं वाटत राहिलं.

दिवे गेले. बसस्टॉप दिसला. छत्री दिसली. एक माणूस आला, बघून गेला. एक बाई आली, बघून गेली. लोक गुंतत गेले. बायकोने सरांचं मनगट घट्ट धरलं, कारण आता मालक कोपऱ्यावरून येणार होता. तो आला, छत्रीकडे बघून थांबला, आणि सभागृहात सरांचं गुणगुणणं सुरू झालं.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की हे फिल्ममध्ये आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पाण्याची मोटार बंद करा!" एक शिपाई खरोखर उठून बाहेर गेला. मालकाने छत्री छातीशी धरली तेव्हा मोटार घर्र करून अडकली आणि पुन्हा चालू झाली. लोक हसले. कात्री पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

सरांच्या मनगटावरचा हात कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हळूच बघितलं. बायको पडद्याकडे बघत होती, पण तिचे डोळे भरले होते.

दिवे लागले. साडू उभा राहिला. सरही उभे राहिले, म्हणजे पाय होते म्हणून राहिले. "वकीलसाहेब, काढली हो मी! एक सूरसुद्धा ठेवला नाही. पोरांचा काही दोष नाही. फिल्म बाद करू नका, माझ्यावर काय ते करा!"

"माझी चाल कुठे गेली?" साडूने विचारलं. पण आवाज कोर्टातला नव्हता. त्याने पिशवीतून फुलांचे दोन मोठे गुच्छ बाहेर काढले. "एक हिच्यासाठी आणला होता आणि एक पोरांसाठी. अहो, जन्मभर लोकांची भांडणं लढलो. आपलं म्हणावं असं एकच काहीतरी केलं, ती ही चाल. ती कुणी जगापुढे मांडली म्हणून सकाळपासून कामात लक्ष नव्हतं माझं. परवानगी कुणी मागितली नाही, म्हटलं आपणच जाऊन द्यावी. आणि तुम्ही मोटार लावलीत?"

"मला वाटलं, तुम्ही खटला…"

"मेहुणीच्या नवऱ्यावर? आणि हिच्या ताईच्या हातचं जेवायचं कुठे मग मी?" साडूने डोक्याला हात लावला. "वर्गात शिकवताना एखादा तुकडा दाखवलात तर त्याला सवलत असते. जगापुढे मांडायचं असलं की ज्याचं त्याला विचारायचं. एवढंच असतं, हो. तुमच्या त्या प्रशिक्षणात दुपारी हेच सांगतात. मीच जातो सांगायला कधीकधी."

"म्हणजे खुर्चीवर घोडा…" सर पुटपुटले.

 आता बायको बोलली, आणि हळू बोलली, ते जास्त वाईट होतं. "चाल भाऊजींची असेल. पण गळा माझा होता. घेताना विचारलं नाहीत, मला त्याचं काही नव्हतं, उलट बरंच वाटलं. काढताना तरी विचारायचं होतं. घरात परवानगी फक्त मीच मागायची का?"

सर खाली वाकून उगाच बुटाची नाडी बांधू लागले. 

तेवढ्यात कात्री जवळ आली. तिने सरांकडे बघितलंही नाही. "काकू, तुमचा आवाज आमच्या फिल्मला वापरू का?"

"वापर की, पोरी."

"काका, तुमची चाल?"

"वापर. आणि नाव नीट लिही."

झालं. ज्या कामासाठी सरांनी फोन अभ्र्यांत लपवला होता आणि चटयांमागे घसा फोडला होता, ते काम आटपायला एवढाच वेळ लागला.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेला गेलं. परीक्षक म्हणाले, फिल्म सुंदर आहे, फक्त पुढच्या वेळी मोटार बंद करून शूटिंग करावं. पण लोक उठून खुर्च्या सरकवत असताना कात्रीने आयोजकांच्या हातापाया पडून स्वतःकडची जुनी फिल्म लावायला लावली. पुन्हा मालक कोपऱ्यावरून आला आणि बायकोचा आवाज सभागृहात भरला. वर गेला, जरासा थांबला, जिना उतरत खाली आला. खुर्च्यांचे आवाज थांबले. वरच्या मजल्यावरच्या बाई दारातून परत आल्या. साडूने चष्मा पुसला. बायको तोंडावर हात धरून उभी होती, आणि सरांना वाटलं, हिला आपण लग्नानंतर आज पहिल्यांदा ऐकतोय. 

कात्रीने घाईत अगदी पहिली प्रत लावली होती. न कापलेली. चाल संपता संपता स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, "कॉलर बघा मेली! रस्त्यावर लोळून येतात की काय हे?" आणि अख्ख्या सभागृहाने वळून सरांची कॉलर बघितली.

आता शाळेच्या पानावर खरी चाल आहे, खाली दोघांची नावं आहेत. पोरांनी सरांचं गुणगुणणंही वेगळं चढवून ठेवलंय. सरांनी बजावून त्याखाली लिहायला लावलं, 'कुणीही, कुठेही, न विचारता वापरावं.' बरेच दिवस कुणी नेलं नाही.

मग एका दुपारी फोन आला. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतल्या शिक्षिका होत्या, फार अदबीने बोलत होत्या. "सर, आमची मुलं पाणीटंचाईवर फिल्म करतायत. बिघडलेल्या मोटारीचा इतका खरा आवाज आम्हाला कुठेच मिळाला नाही. न विचारता वापरा असं लिहिलंय तुम्ही, तरी म्हटलं विचारलेलं बरं. परवानगी आहे ना? आणि नाव कुणाचं लावू?"

सरांनी परवानगी दिली. नाव मात्र मोटारीचंच लावा म्हणाले.